पैठण ते पानिपत : अठरा दिवसांचा हिशेब

‘नानासाहेब पेशवे पैठणला लग्नात रमले नसते, तर पानिपत वाचले असते.’ हे वाक्य दर जानेवारीत नव्याने फिरू लागते. लिहिणाऱ्याने नकाशा पाहिलेला असतो, दिवस मोजलेले नसतात. या धाग्यात ते मोजू.

आज पुणे–दिल्ली विमानाने दोन-सव्वादोन तासांचे. हवाई अंतर सुमारे ११७५ किलोमीटर. रस्त्याने ते १४०० च्या पुढे जाते आणि मोटारीला एक अखंड दिवस-रात्र लागते. अठराव्या शतकात मात्र अंतर मजलांत मोजले जाई, आणि मजल कोण मारतो यावर ते बदले. जासूद निराळा, तोफा, बुणगे आणि बाजार घेऊन चालणारी फौज निराळी.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले. दिल्ली हाती आली ऑगस्टच्या आरंभी. सरळ रेषेत हे अंतर सुमारे हजार किलोमीटर. मुक्काम, वाटेतले राजकारण, कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि पावसाळ्यात दुथडी भरलेली यमुना, हे सारे धरून सरासरी पडते रोज जेमतेम सात किलोमीटर. उलट, १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचे वृत्त दहाव्या दिवशी, २४ जानेवारीला, भेलशास (आजचे विदिशा) नानासाहेबांच्या हाती पडले. सरळ रेषेत सुमारे ६६० किलोमीटर, म्हणजे रोज ६६. फौजेच्या नऊपट वेगाने कागद धावत होता!

आता लग्न. ते झाले २७ डिसेंबर १७६० रोजी. तेथून युद्धाला उरले अठरा दिवस, आणि पैठण–पानिपत हवाई अंतर सुमारे १११० किलोमीटर. नानासाहेब पैठणहून भेलशापर्यंत ज्या गतीने आले ती सरळ रेषेत रोज सुमारे १८ किलोमीटर पडते. त्या गतीने पानिपत गाठायला फेब्रुवारीची अखेर उजाडली असती. मांडवातून उठून थेट घोड्यावर बसले असते, तरी फौजेसह वेळेवर पोहोचणे शक्य नव्हते.

म्हणून लग्नाचा दोषारोप मला पोरकट वाटतो. पण अंतराच्या आड पेशव्यांना लपवणेही मला मान्य नाही. अब्दालीने ऑक्टोबरअखेर यमुना ओलांडली आणि नोव्हेंबरच्या आरंभी भाऊ पानिपतास मोर्चे बांधून बसले. जासुदाच्या त्याच वेगाने ही बातमी दक्षिणेत यायला जवळपास तीन आठवडे हवेत. ती ऐकून निघालेली फौजही फेब्रुवारीतच पोहोचती. मदत उपयोगी पडायची, तर संकट कळण्यापूर्वीच निघायला हवे होते. एवढ्या लांबच्या मोहिमेत पाठीमागे दुसरी फौज चालती ठेवणे ही चैन नव्हे, गरज होती. माझ्या मते चूक तिथे आहे.

अर्थात तेव्हा दक्षिणेत ठाऊक होते ते दिल्ली घेतल्याचे यश. आपण शेवट जाणून बोलतो, त्यांना तो ठाऊक नव्हता.

तरीही एक आकडेमोड मनातून जात नाही. दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. त्या वर्षी तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्या दिवशी पुण्याहून कूच होऊन रोज तेच १८ किलोमीटर पडले असते, तर पानिपत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले असते. प्रत्यक्षात त्या आठवड्यात पेशवे पैठणला होते.