फिर्यादी समुद्र

खारेपाटात उधाणाला बाहेरकाठा फुटला, भातशेतात खारं पाणी शिरलं, की डोलवी-वडखळच्या बाजूला एक विद्वान हमखास बोलू लागतात. सिद्धान्त सुटसुटीत: ध्रुव तापले, बर्फ वितळलं, पाणी आपल्या दारात आलं. बिघाड तिकडे, भोग इकडे. आपला उष्ण समुद्र बापडा निव्वळ फिर्यादी; हजारो किलोमीटरवरच्या ध्रुवावर तो काय ढवळाढवळ करणार?

तरंगतं बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, हे शाळेतलं विज्ञान सोडून देऊ. पाणी चढतंय की काठा खचतोय, हा जुना तंटाही नको. त्यात दोन्ही बाजू थोड्या खऱ्या, आणि डागडुजीला मात्र कुणी पुढे येत नाही.

माझा राग आहे तो त्या ‘हजारो किलोमीटर’वर. धरमतर खाडीच्या पलीकडे जग संपतं, असं मानणाऱ्याला अंतर हाच पुरावा वाटतो. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी तापलं की त्यावर पंधरा-सोळा किलोमीटर उंचीचे ढग चढतात. वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता वरच्या हवेला ढकलते आणि तिथून रॉसबी लाटा, म्हणजे वातावरणातल्या अवाढव्य लाटा, निघतात, हिवाळ्यात विशेष जोमाने. प्रशांताच्या अशा तापण्याच्या, म्हणजे एल निनोच्या, हिवाळ्यात अलास्काजवळचा कमी दाबाचा पट्टा त्यामुळे खोल होतो. लाटा स्थितांबरात चढल्या की ध्रुवाभोवतीचे पश्चिमी वारे मंदावतात आणि कधी ध्रुवावरची स्थितांबरातली हवा काही दिवसांत कित्येक अंशांनी तापते. दक्षिण ध्रुवाकडे जानेवारी 2016 मध्ये रॉस हिमतटावर मोठ्या क्षेत्रात पृष्ठभाग वितळला; तेव्हा जोरदार एल निनो होता आणि त्याने या वितळण्याला हातभार लावला. विद्वानांना हे कळवायला ध्रुवाने वकील पाठवायला हवा होता काय?

आणि अंतरालाच पुरावा मानण्याचं हे खूळ आजचं नाही. मान्सूनचं भाकीत शोधता शोधता गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या हवेच्या दाबांची सांगड घातली, तेव्हाही शंकेखोर होतेच.

आता मंडन. ध्रुवाजवळचं बर्फ हटलं की उघडा समुद्र ऊन शोषतो. उत्तर ध्रुवाच्या तापण्याचं ते मोठं कारण, आणि ते तिथलंच. पण 1950 पासून हिंदी महासागराचा पृष्ठभागही दर दशकाला साधारण 0.12 अंशांनी तापतोय. त्याचे पडसाद वर उत्तरेत कसे उमटतात, हे वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने एका टेबलावर बसून पाहावं. पुढच्या व्याख्यानाला विद्वानांनी तिथूनच कागद मागवावेत.