माकडाला माकड हवं
पाळीव माकडांच्या सुटकेसाठी आणि पुनर्वसनासाठी उभ्या राहणाऱ्या चळवळीचा जाहीरनामा

विजेच्या तारेला चिकटून किंवा गाडीखाली येऊन माकडीण मरते. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू कुणीतरी दयेपोटी घरी आणतं, बाटलीनं दूध पाजतं, अंगडं शिवतं. काही वर्षांत ते वयात येतं आणि चावू लागतं. मग कमरेला साखळी पडते, सुळे उपटले जातात, नाहीतर त्याला घाटात सोडून दिलं जातं. तिथली टोळी या परक्यावर तुटून पडते.

हे थांबवण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत.

आमची भूमिका

माथेरान-महाबळेश्वरला दिसणारं लाल तोंडाचं माकड जगात फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनं ते अनुसूची 1 मध्ये आलं. त्याला पकडणं किंवा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पण साखळी तोडली की माकड सुटलं, असं आम्ही मानत नाही.

1950 च्या दशकात हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माकडांची पिल्लं आईपासून तोडली. दूध देणाऱ्या तारेच्या पुतळ्यापेक्षा ती मऊ कापडाच्या पुतळ्यालाच बिलगून राहिली. एकटी वाढवलेली पिल्लं पुढे डोलत बसत, स्वतःलाच चावत. त्या क्रूर प्रयोगांनी जे दाखवलं, तेच आज निवारा केंद्रात आलेल्या पाळीव माकडांत दिसतं. ती माणसाकडे हात पसरतात आणि दुसरं माकड दिसलं की दात विचकतात. लोकांना ते हसू वाटतं. ती भीती असते.

अशा माकडाला आधी वेगळं ठेवून क्षयाची तपासणी करावी लागते, कारण हा रोग त्याला माणसाकडून होतो. चहा-बिस्किटं बंद करून पाला, शेंगा, फळं सुरू करावी लागतात. चढण्याची सवय गेलेल्या हातापायांना फांद्या द्याव्या लागतात. मग जाळीपलीकडे दुसरं माकड ठेवायचं आणि धीर धरायचा. एक दिवस ती जाळीतून एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरू लागतात. खरा उपचार तिथून सुरू होतो, आणि तो कुठलाही माणूस करू शकत नाही. काही माकडं पुढे टोळीसह जंगलात जातात. बाकीच्यांना जन्मभर सांभाळावं लागतं.

दयेला आमचा विरोध नाही. हेमलकशाचं प्राणी अनाथालय माकडाच्या एका पिल्लापासूनच सुरू झालं. आम्हाला ती दया पिल्लाला जन्मभर पुरणारी हवी आहे.

आमच्या मागण्या

1. प्रत्येक जिल्ह्यात माकडांवर उपचार करू शकणारा प्रशिक्षित पशुवैद्य असावा.
2. निवारा केंद्रांत माकडं एकेकटी कोंडू नयेत. टोळीला पुरेल एवढी जागा आणि कायमचा निधी मिळावा.
3. जंगलातल्या रस्त्यांवर झाडाझाडांना जोडणारे दोरपूल बांधावेत, वस्तीजवळच्या उघड्या वीजतारांवर आवरण घालावं.
4. 1998 मध्ये माकडांच्या खेळांवर बंदी आली. त्या खेळांवर पोट असलेल्या भटक्या कुटुंबांना घर, शिक्षण आणि रोजगार मिळावा.
5. कपडे घातलेल्या माकडांचे व्हिडिओ पसरवून पैसा कमावणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

आमची शपथ

आम्ही माकड पाळणार नाही, त्याला खाऊ घालणार नाही, त्याच्यासोबत फोटो काढणार नाही. सुटलेल्या माकडांचं प्रदर्शन मांडून देणग्या गोळा करणार नाही. त्यांचं माणसाळलेपण कमी होणं हेच आमचं यश मानू.

तुमच्या घरी माकड असेल, तर आजच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. अनाथ पिल्लू दिसलं, तर आसपास त्याची टोळी आहे का पाहा, लांब थांबा आणि तोच क्रमांक फिरवा. आणि ज्यांना प्राण्यांवर माया आहे, पण ती कुठे लावावी कळत नाही, त्यांनी आमच्यात यावं. इथे कामाला हात कमी आहेत आणि वाट पाहणारी माकडं पुष्कळ आहेत.