कळांच्या वेळी सोबत हवी, आणि ती आत हवी

मेढा आणि जावळी तालुक्यातल्या आया, सासवा, जावा, नणंदा, लेकीसुना, तसेच वाशी-मुंबईला कामावर असलेले त्यांचे नवरे, यांना जाहीर विनंती

लेक पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा आपण तिच्याबरोबर पाठराखीण धाडतो. घर नवं, माणसं नवी, पोर बावरेल म्हणून. डोहाळजेवणाला अख्खी आळी जमवतो, झोपाळा सजवतो, हातात धनुष्यबाण देऊन फोटो काढतो. आणि ज्या रात्री तिचा हात धरायला खरोखर कोणीतरी हवं असतं, त्या रात्री तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र रुमालात बांधून घेतो, तिला लेबर रूमच्या दारातून आत सोडतो आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतो. पुढचे कित्येक तास, पहिलटकरीण असेल तर कधी उभी रात्र, तिच्याजवळ ओळखीचं एकही माणूस नसतं.

त्या बंद दाराबद्दल आम्हाला बोलायचं आहे.

आत काय झालं ते बाहेरच्यांना कळत नाही, आणि बाहेर आल्यावर बाई सांगत नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप, म्हणजे विषय संपला असं घरचे धरून चालतात. पण चार बाया निवांत बसल्या आणि त्यांत कोणाची सासू नसली, तर ऐकून बघा. ओरडली म्हणून मांडीवर बसलेली चापट. "तेव्हा नाही का कळलं, आता कशाला बोंबलतेस?" हा शेरा. पाणी मागितलं तर नाही, कुशीवर वळायचं तर नाही, उठून दोन पावलं चालायचं तर मुळीच नाही. पोटावर कोपराने दिलेला दाब. न विचारता घेतलेला छेद आणि न सांगता घातलेले टाके. हे कोण्या एका दवाखान्याचं गाऱ्हाणं नव्हे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयापासून पैसे मोजून जातात त्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडच्या बाया हेच सांगतात. सगळ्या सिस्टर अशा नसतात, हेही त्याच बाया सांगतात. रात्रपाळीला एकटी सिस्टर, तीन खाटांवर तिघी, मध्येच नोंदवह्या भरायच्या, डॉक्टरांना फोन लावायचा. तिने कोणाकोणाचा हात धरून बसायचं? म्हणून तर हात धरणारं माणूस वेगळं हवं.

आणि ते माणूस सरकारला मान्य आहे! केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच राज्यांना कळवलं की सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीची एक सोबतीण राहू द्या. अटीही साध्या घातल्या. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, डॉक्टर-सिस्टरच्या कामात तिने हात घालू नये. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही मुभा दिली. डिसेंबर 2017 मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही सोबतीण आहेच. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणाविषयीच्या शिफारशी काढल्या, त्यांत कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बाईच्या पसंतीचं माणूस जवळ असावं असं स्पष्ट म्हटलं. 10 ऑक्टोबर 2019 ला 'सुमन' योजना आली, तिने तर सन्मानाने वागवण्याची हमी दिली. म्हणजे आम्ही नवं काही मागायला आलेलो नाही. दिलेलं आहे, तेच ताटात पडू द्या म्हणतो. आपल्या तालुक्यात ज्या केंद्रात सोबतिणीला आत घेत असतील त्यांचे आभारच आहेत. त्यांनी तेवढं दारावर मोठ्या अक्षरांत लिहावं, म्हणजे बाहेरच्या बाकड्यावर बसणारीला कळेल.

पुण्या-मुंबईत आता पैसे देऊन अशी सोबतीण मिळते. तिला डूला म्हणतात. ती सातव्या-आठव्या महिन्यापासून घरी येते, बाळंतपण कसं होतं ते नवरा-बायकोला समजावते, कळांच्या वेळी पाठ चोळते, श्वास कसा घ्यायचा ते बरोबर घेऊन दाखवते, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या निर्णयावर निर्णय देत नाही. आता हे वाचून "शहरातल्या बायांचे चोचले" म्हणणारे आपल्याकडे निघतील, त्यांना एक गोष्ट सांगतो. या सोबतीचा पहिला गाजलेला पुरावा श्रीमंतांच्या दवाखान्यातून आलेला नाही. तो मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या एका गर्दीच्या रुग्णालयातून आला, जिथे बायांना एकटीनेच बाळंत व्हावं लागे. 1980 साली तिथला अभ्यास छापून आला. काही बायांजवळ एक साधी बाई बसवली होती; ना नात्यातली, ना शिकलेली नर्स. ती फक्त बोलायची, पाठ चोळायची, हात धरायची. गुंतागुंत न झालेल्या बायांपुरतं पाहिलं तर सोबत असलेल्यांना सरासरी 8.8 तास लागले आणि एकट्या असलेल्यांना 19.3 तास. गट लहान होता, म्हणून एवढ्यावर कोणी विसंबू नये. पुढे 17 देशांतल्या 26 अभ्यासांचा, पंधरा हजारांहून जास्त बायांचा एकत्र हिशेब 2017 मध्ये मांडला गेला. त्यात वेळेचा फरक सरासरी चाळीसेक मिनिटांवर आला, पण सिझरची शक्यता सुमारे पाव हिश्शाने कमी निघाली, आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायाही कमी निघाल्या.

यात चमत्कार काही नाही. माणूस घाबरलं की अंगात घाबरल्याचं रसायन उसळतं, आणि ते कळा आणणाऱ्या रसायनाच्या आड येतं. भ्यालेल्या बाईच्या कळा मंदावतात. मग सलाईनमधून कळांचं औषध, मग जास्त दुखणं, मग जास्त भीती. गोठ्यात गाय व्यायला झाली की आपण पोरांना हाकलतो, कंदील बारीक करतो, ओळखीचं माणूस तेवढं जवळ ठेवतो. बाईच्या बाबतीत आपली ही अक्कल कुठे जाते?

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातली पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात झाली. ही मोठी कमाई आहे आणि ती आम्हाला घालवायची नाही. पण त्याच पाहणीत शंभरातली पंचवीस सिझर निघाली. खासगीत सुमारे 39, सरकारीत सुमारे 18. सिझरने जीव वाचतात. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, बाळाचे ठोके पडत असतील तर एक क्षणही वाया घालवू नये. मात्र खासगी आणि सरकारी यांत दुपटीहून जास्त फरक पडतो, तो काही बायांच्या कंबरेत नसतो. आणि "मला नाही सहन होत, कापा एकदाचं" असं ओरडणाऱ्या कित्येकींना त्या वेळी चाकूपेक्षा कोणीतरी धीर देणारं हवं असतं.

तयारीच्या नावाखाली आज जे विकलं जातं त्याबद्दलही बोललं पाहिजे. गर्भसंस्कार! बाळ हुशार व्हावं, गोरं व्हावं, संस्कारी व्हावं म्हणून सीडी, पुस्तकं, तुपं, वर्ग. नऊ महिने सगळ्यांचं लक्ष पोटाकडे. पोट जिचं आहे तिच्याकडे कोणाचं? अभिमन्यूची गोष्ट हमखास सांगतात. सुभद्रेला ऐन चक्रव्यूहात झोप लागली म्हणून पोराला बाहेर पडायचं कळलं नाही. त्या दिवसांत बाईला झोप येते हो! एवढं साधं कोणाच्या ध्यानात येत नाही, उलट हजारो वर्षं तिच्या माथी दोष. आमच्या मते नऊ महिन्यांत बाळाला शिकवण्यासारखं काही नाही, आईला शिकवण्यासारखं मात्र खूप आहे.

कळ येते आणि जाते, दोन कळांच्या मधे विसावा असतो आणि त्यात अंग सैल सोडायचं असतं, हे तिला आधी सांगा. पहिल्या खेपेला कळांनी जोर धरल्यावरही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं, हे सांगा. चालणं, उकिडवं बसणं, कुशीवर होणं यांनी मदत होते, सरळ उताणं पडून राहायची सक्ती नको, हे जागतिक आरोग्य संघटना म्हणते आणि आपल्या आज्याही म्हणायच्या. जोखीम नसेल तर पाणी, पेज, चहा घ्यायला हरकत नसते. छेद प्रत्येकीला लागत नाही. पोट दाबून बाळ काढणं तर नकोच. आणि निघायचं कधी तेही सांगा. अंगावरून रक्त गेलं, हिरवट पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली, की वाट बघत बसायचं नाही. 108 किंवा 102 ला फोन. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून नेणं, बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण, घरी सोडणं, सगळं मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. बामणोलीकडच्या, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या बायांना वेळेवर निघण्याचं हे सांगणं दुप्पट लागू. लाँच, मग घाट, आणि वर जुलैचा पाऊस असेल तर दिवस भरण्याआधीच अलीकडे येऊन राहिलेलं बरं, आणि कोणाकडे राहायचं ते सातव्या महिन्यातच ठरवावं.

यासाठी वेगळा वर्ग, वेगळी इमारत, वेगळा निधी लागत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला मातृत्व अभियानाच्या तपासणीला गरोदर बाया येतातच, आणि नंबर लागेपर्यंत बसूनही असतात. त्याच वेळात एखाद्या सिस्टरने किंवा आशाताईने अर्धा तास हे बोलावं, सोबत येणार असलेल्या आई-सासूला शेजारी बसवून. लेबर रूम आतून दाखवावी. ज्या खाटेवर झोपायचं ती आधी पाहिलेली असली की निम्मी धडधड तिथेच उतरते.

आता आक्षेप. "नातेवाईक आत आले की गोंधळ घालतात." घालतात, कारण तीन तास दाराबाहेर काहीही कळत नाही आणि मग एकदम "साताऱ्याला हलवा" म्हणून सांगितलं जातं. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. पण घरची एक बाई आत असली, काय चाललंय ते तिने डोळ्यांनी पाहिलं, तर बाहेरच्या संशयाला हवा कोण देणार? आतली सोबतीण ही डॉक्टरांचीही साक्षीदार असते. "दुसऱ्या बायांची लाज जाते." मग दोन खाटांमध्ये पडदा लावा, त्याला काही मंत्रालयातून मंजुरी आणायला नको. "जागा नाही." एक खुर्ची मावेल. तमिळनाडूने सरकारी दवाखान्यांत ही पद्धत केंद्राच्या पत्राच्या कितीतरी आधी चालू केली. तिथल्या लेबर रूम काही राजवाड्यासारख्या नाहीत.

आमच्यावरही एक आक्षेप येईल, की हे लोक पुन्हा सुईणीचे दिवस आणायला निघालेत. नाही. कळकट पात्याने नाळ कापली म्हणून धनुर्वाताने गेलेली बाळं आणि रक्त जाऊन जाऊन विझलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी "जुनं ते सोनं" म्हणू नये. घरी बाळंत व्हा असं आम्ही कोणालाही सांगत नाही. सुईणीचं कापणं-ओढणं गेलं ते उत्तम झालं. तिचं जवळ बसणं गेलं, ते मात्र विनाकारण गेलं.

आणि हे जवळ बसणं काही फक्त चूल-शेगडीची परंपरा नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या लेकीने त्याचा मोठा दाखला घालून दिला आहे. नायगावच्या सावित्रीबाईंनी जोतिरावांबरोबर 1863 साली पुण्यात विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं. ज्यांना घरचं दार बंद झालं होतं, ज्यांच्यापुढे विहीर नाहीतर काळं पाणी एवढंच होतं, त्या बाया तिथे येऊन सुखरूप बाळंत झाल्या. तिथेच जन्मलेला यशवंत फुल्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. त्या घराची जाहिरातही भिंतींवर पत्रकं डकवूनच केली होती.

नवऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. जावळीचे कितीतरी बाप माथाडी म्हणून वाशीच्या बाजारात ओझी उचलत असतात, बायको माहेरी, आणि बातमी फोनवर. रात्रीची गाडी धरून सकाळी पेढे घेऊन पोचलं की बापाचं काम झालं, असं नाही. आठव्या महिन्यातल्या एका 9 तारखेला सुट्टी काढा, तिच्याबरोबर तपासणीला या, सोबत कोण राहणार ते तिला विचारा. तिलाच विचारा, आईला किंवा सासूला नव्हे. तिला सासू नको असेल आणि धाकटी जाऊ हवी असेल तर घरात रुसवे-फुगवे होतील, ते तुम्ही निस्तरा.

या तालुक्यातल्या बायांनी मतपेटीतून आडवी बाटली करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. तेव्हाही "बायकांना काय जमणार" हेच ऐकलं होतं. त्या मानाने हे काम किरकोळ आहे. गावोगावच्या ग्रामसभेत ठराव घ्या. तोपर्यंत खालचा अर्ज कापून, भरून, तपासणीच्या दिवशी दवाखान्यात द्या आणि पोच घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आशाताईंनी भरून द्यावा.

प्रति, मा. वैद्यकीय अधिकारी. मी, खाली सही करणारी, आपल्या दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव नोंदवलं आहे. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी 2016 च्या सूचनेप्रमाणे कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत माझ्याजवळ माझ्या पसंतीची एक सोबतीण राहील. तिचं नाव व माझ्याशी नातं पुढे लिहिलं आहे. तिला आजार नाही, ती स्वच्छ कपड्यांत येईल, आपल्या कामात अडथळा आणणार नाही. तिला आत घेता येत नसेल तर त्याचं कारण याच कागदावर लेखी द्यावं. सही किंवा अंगठा, गाव, दिवस भरण्याची तारीख.