पाटी लागण्याआधी

अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांमध्ये सुमारे ८ किलोमीटरचे अंतर आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या प्रकल्पात या टप्प्यात नवे स्थानक मंजूर झाले आणि ते चिखलोली म्हणून ओळखले जाते. ज्या गावच्या शिवारात स्थानक, त्याच गावाचे नाव. इतकी सरळ गोष्ट आता विरळ झाली आहे. जोगेश्वरी-गोरेगावदरम्यानचे स्थानक डिसेंबर २०१६मध्ये सुरू झाले, त्याआधी ओशिवरा की राममंदिर हा वाद रंगला. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २०२१मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. लोकांच्या लेखी नावाचे मोल एवढे मोठे आहे. नगररचनेत काम करणाऱ्या आपण सर्वांनी नावाकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

नाव ही जमिनीबद्दलची माहिती असते, हे आपल्याला चिखलोली शिकवते. डोंबिवली, मोरिवली या नावांतली ‘वली’ संस्कृत ‘पल्ली’कडे, म्हणजे वस्तीकडे नेली जाते, ‘ओली’ही त्याच कुळातली. चिखल तर थेट कानावर पडतो. पाणी धरून ठेवणारी जमीन, भातखाचरे, पावसाळी नाले आणि पुढे तिथेच बांधलेले धरण, हे सारे त्या चार अक्षरांशी जुळते. जुलै २०१९मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. या खोऱ्यात पाणी कुठे साचते हे सांगणारा प्रत्येक शब्द अभियंत्याच्या कामाचा आहे. खाचर, कोंड, माळ, बांध ही शिवारातली नावे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या केलेली पाहणीच होय.

आपल्याकडे नाव ठरते ते सभागृहात. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांना १९६५चा अधिनियम लागू आहे, उल्हासनगर महापालिकेला १९४९चा. सूचक उभा राहतो, अनुमोदक मिळतो, ठराव होतो, पाटी लागते. कित्येकदा विषय ऐनवेळी येतो. रचनाकाराचा अभिप्राय मागितला जात नाही आणि नकाशाही उघडला जात नाही. मग शेजारशेजारच्या दोन प्रभागांत एकाच नावाचे दोन चौक होतात आणि रुग्णवाहिकेचा चालक फोनवर खुणा विचारत राहतो.

लोक कोणते नाव वापरतात, याचे उत्तर उल्हासनगरमध्ये मिळते. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे १ लाख निर्वासित लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत राहिले. १९४९मध्ये त्या वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याला आता पाऊणशे वर्षे झाली, तरी पत्ता सांगताना माणसे ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात आणि पुढे सेक्शन जोडतात. क्रमांक टिकले, कारण त्यांनी घर सापडते. शहराचे नावही टिकले, कारण ती नदी शेजारून वाहते.

म्हणून जुने ते सगळे राखा, असे आमचे म्हणणे नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये घेतला, तो योग्यच होता. ती नावे जमिनीची माहिती देत नव्हती, माणसाला पायरी दाखवत होती. ती गेलीच पाहिजेत. थोरांचे स्मरणही हवे. ते वाचनालय, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणी असावे, जिथे त्या व्यक्तीचे काम आणि त्या वास्तूचे काम यांचा मेळ बसतो. रस्ता, नाला, तलाव आणि स्थानक यांवर पहिला हक्क जागेच्या नावाचा.

आमचे चार आग्रह आहेत. विकास आराखडा सुधारताना विद्यमान जमीन वापराच्या नकाशावर शिवारातली नावे लिहावीत आणि त्यांची नोंदवही नगररचना विभागाने सांभाळावी. प्रत्येक प्रस्तावासोबत, तेच नाव हद्दीत किंवा लगतच्या शहरात आधी आहे का, याचा दाखला जोडावा. नामकरण ऐनवेळच्या विषयांत घेऊ नये; आरक्षण बदलताना मागवतो तशाच हरकती-सूचना इथेही मागवाव्यात. आणि हयात व्यक्तीचे नाव देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांविषयीच्या परिषदेनेही २००२मध्ये हीच शिफारस केली आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी वेगळा निधी लागत नाही.

घाई मात्र आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात इमारती वेगाने चढत आहेत आणि प्रत्येक संकुल आपले नाव सोबत घेऊन येते. सातबाऱ्यावर उरतो तो गट क्रमांक. कोणत्या खाचराला काय म्हणत, हे आता गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे. आराखड्याच्या पुढच्या पाहणीला जाताना मोजणीदारासोबत त्यांनाही बांधावर न्या. ते बोट दाखवतील तिथे खूण करा आणि त्यांचा शब्द, त्यांच्याच उच्चारात, नकाशावर लिहून घ्या.