वाघोबाचा राग गेला, कारण कुठे गेलं?

गेल्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. ते अठरा दिवस दवाखान्यात होते. माझी भाची तेव्हा सव्वाचार वर्षांची. घरातल्या आम्ही चार शिकल्यासवरल्या मोठ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, 'शनिवारी आजोबांना भेटायला जाऊ.' तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शनिवार उजाडला. ती फ्रॉक आणि बूट घालून दारात उभी राहिली आणि आमची टोलवाटोलवी सुरू झाली. तिने एक बूट काढून टीव्हीच्या दिशेने भिरकावला. मग ताईने कपाटातून वाघाचं पुस्तक काढलं.

हे पुस्तक सात पुस्तकांच्या संचातलं आहे. सात प्राणी, सात भावना. चिडलेला वाघ, घाबरलेला ससा, उदास हत्ती वगैरे. चित्रं छान, कागद गुळगुळीत. प्रत्येकात साधारण एकच गोष्ट घडते. पिल्लाला काहीतरी वाटतं, त्यामुळे इतरांना त्रास होतो, एखादं शहाणं कासव किंवा घुबड येऊन युक्ती सांगतं, पिल्लू ती करतं आणि शेवटच्या पानावर सगळे हसतात. वाघाची युक्ती म्हणजे पाच दीर्घ श्वास.

भाचीने बोटांवर मोजून पाच श्वास घेतले. मग म्हणाली, "झाला माझा राग. आता चला आजोबांकडे."

आमच्यापैकी कोणाकडेच पुढचं पान नव्हतं.

त्या दिवसापासून या पुस्तकांशी माझं भांडण आहे. मुलांच्या रागाला, भीतीला, दुःखाला काही कारण असतं आणि बऱ्याचदा ते कारण आपण मोठी माणसं असतो, एवढी साधी गोष्ट ही पुस्तकं सोयीस्करपणे गाळतात. वाघाचं पिल्लू का चिडलं? तर त्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. मनोरा आपोआप पडतो, कोणाचीच चूक नसते, म्हणून उपायही पिल्लानेच करायचा. आमच्या घरात मनोरा आपोआप पडला नव्हता. आम्ही खोटं बोललो होतो. तिचा राग शंभर टक्के रास्त होता आणि आम्ही तिला तो गिळायचं तंत्र शिकवत होतो, तेही रंगीत चित्रांसह.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सर्व्हरवर काही बिघडलं की रात्री दोन वाजता फोनवर अलर्ट येतो. तो बंद करणं एका बोटाचं काम आहे. अलर्ट बंद करून झोपलेल्या माणसाला सकाळी काय ऐकावं लागतं, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा. तिथे आम्हाला पक्कं कळतं की आवाज हा बिघाड नसतो, बिघाड दुसरीकडे असतो. घरी आल्यावर मात्र चार वर्षांच्या मुलीचा आवाज बंद झाला की आम्ही 'जमलं बाई' म्हणतो.

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे. 'मग काय, आमच्या लहानपणासारखं धपाटे घालायचे?' नाही. 'मुलीसारखा रडतोस काय' हे ऐकत मोठे झालेले मुलगे आणि 'मुलीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे' हे ऐकत मोठ्या झालेल्या मुली आपल्या आसपास भरपूर आहेत. त्यातलीच मी एक. मुलाला काय होतंय ते त्याला शब्दांत सांगता यावं, हा या पुस्तकांमागचा हेतू चांगलाच आहे. दीर्घ श्वासही वाईट नाही. मलाही लागतो. माझी तक्रार एवढीच की भावनेला नाव देऊन झालं की ही पुस्तकं थेट ती मिटवायच्या मागे लागतात. मधला प्रश्न, 'कशामुळे गं?', कोणी विचारतच नाही.

आणि नावं तरी किती तोकडी! राग, दुःख, भीती, आनंद, चिंता. हा इंग्रजीतून आलेला ठरावीक डबा आहे. मराठी मूल फक्त रागावत नाही. ते रुसतं, फुरंगटतं, हिरमुसतं, खट्टू होतं, कावरंबावरं होतं. यातलं रुसणं घ्या. रुसायला समोर कोणीतरी आपलं माणूस लागतं. परक्यावर कोणी रुसत नाही. आणि रुसवा काढायचा असतो तो दुसऱ्याने. मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसते ती श्वास मोजायला नव्हे. कोणीतरी जवळ यावं, समजूत काढावी, म्हणून ती तिथे बसलेली असते. आपल्या भाषेला हे केव्हापासून माहीत आहे. वाघोबाच्या पुस्तकात मात्र पिल्लू एकटं श्वास घेतं, एकटं शांत होतं आणि मग सगळ्यांत परत येतं. माणसामाणसांतली गोष्ट पिल्लाची खाजगी कामगिरी होऊन बसते.

प्राण्यांच्या गोष्टींना माझा विरोध नाही. उलट प्राण्यांच्या गोष्टी कशा असू शकतात हे ठाऊक आहे, म्हणून चीड येते. बिअॅट्रिक्स पॉटरची पीटर सशाची गोष्ट 1902 साली प्रकाशित झाली. तिच्यात सशीण सुरुवातीलाच पोरांना सांगते की, त्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांचा तिथेच घात झाला आणि त्यांचं पाय बनवलं गेलं. बाप मेला, कसा मेला, सगळं स्पष्ट. पंचतंत्रातलं माकड मगरीवर विश्वास टाकतं, मगर त्याचं काळीज मिळवायला निघते आणि युक्तीने सुटल्यावर माकड पुन्हा तिच्या गोड बोलण्याला भुलत नाही. 'क्षमा कर, छान वाटेल' असं सांगणारं घुबड त्या जांभळाच्या झाडावर बसलेलं नाही. मन्रो लीफचा फर्डिनंड हा बैल (1936) इतरांसारखा टकरा मारत नाही, एकटाच फुलं हुंगत बसतो. आईला काळजी वाटते, ती त्याला विचारते, त्याचं ऐकून घेते आणि त्याला तसंच बसू देते. त्या आईइतकं शहाणं पात्र आमच्या सात पुस्तकांत एकही नाही.

आणि आपली चिऊ-काऊची गोष्ट. पावसात घर वाहून गेलेला कावळा दारात भिजत उभा आणि चिमणी आतून थांब थांब म्हणते आहे. शेवट घरोघरी वेगळा. चिमणी चांगली की वाईट, हे कोणी सांगत नाही. माझी भाची दर वेळी विचारते, "तिने आधी दार का नाही उघडलं?" तिच्या मनात तेव्हा जे चालतं, त्याला मी भावनांचं शिक्षण म्हणेन.

धड्यासाठी म्हणून प्राणी वापरणंही वाटतं तेवढं भरवशाचं नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकदा कपडे घातलेल्या प्राण्यांची आणि एकदा माणसांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्यांना जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी तसं केलं नाही. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही आणि वाटून घेणं म्हणजे राग आवरणं नव्हे. पण 'प्राणी दाखवला की मुलाला पटतं' हे आपण किती सहज धरून चालतो, तेवढं यातून कळतं.

बाबा घरी आले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला झुकलेलं होतं आणि शब्द जड येत होते. भाची त्यांना पाहून पडद्यामागे लपली. ताईचा हात कपाटाकडे, सशाच्या पुस्तकाकडे गेला. मी म्हटलं, राहू दे. आम्ही दोघी पडद्यामागे जाऊन बसलो आणि तिला सांगितलं की आजोबांच्या मेंदूतली एक रक्ताची नळी बंद झाली होती, म्हणून त्यांचं तोंड वाकडं दिसतं, त्यांना दुखत नाहीये, बोलणं हळूहळू सुधारेल, पण पूर्वीसारखं होईल का ते डॉक्टरांनाही माहीत नाही. तिने बरेच प्रश्न विचारले. शेवटचा होता, "मग शनिवारी खोटं का सांगितलं?"

ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

त्या रात्री मी सातही पुस्तकं पुन्हा चाळली. वाघ, ससा, हत्ती, सगळ्यांना आया आहेत. एकीच्याही तोंडी हे वाक्य नाही.