खुर्ची मिळाली, आता सोबत हवी

देवरीत कोचिंग म्हटले की परीक्षांचे क्लास आठवतात. मी बोलतेय ते वेगळ्या कोचिंगबद्दल.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. खुर्ची मिळते. सरकारी प्रशिक्षणही होते. पण खरी अडचण नंतर, सभेच्या दिवशी येते. अंदाजपत्रकातला आकडा कुठे विचारायचा? आवाज चढला तर काय बोलायचे? हे सांगणारे कोणी नसले की सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा होतो. शाळेत नव्याने मुख्याध्यापिका झालेलीही अशीच एकटी पडते.

सावित्रीबाई फुले यांनीसुद्धा अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. शिकून पुढे जाण्यात कमीपणा नाही. आणि बाईने पुढे यावे का, असे आपल्यात कोणी विचारलेच, तर हजरत खदीजा (रजि.) स्वतःचा व्यापार चालवत होत्या, एवढे उत्तर पुरे.

म्हणून माजी महिला सरपंच आणि निवृत्त मुख्याध्यापिका यांनी वर्षभर, प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी, नव्या बाईसोबत तासभर बसावे. कागद तिने वाचावा, प्रश्न तिनेच काढावेत. सभेत मात्र तिच्या वतीने कोणी बोलू नये. पुढच्या वर्षी तिने दुसरीसोबत बसावे.