लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार?

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते : वापरायला सगळे येतात, काम करायला कोणी येत नाही. मला ही तक्रार अर्धीच पटते. लोक येतात हो! पण पाठवलेल्या पॅचला महिना महिना उत्तर आलं नाही की गुपचूप निघून जातात.

यावर काहींचा उपाय म्हणजे आमिष. 'हॅक्टोबरफेस्ट'मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून पाठवणाऱ्यांचा असा पूर आला, की महिन्याच्या सुरुवातीलाच आयोजकांना नियम बदलावे लागले. टी-शर्टसाठी आलेला माणूस टी-शर्ट घेऊन जाणारच, त्यात नवल ते काय?

पण माणसं न जोडण्याची किंमत याहून मोठी आहे. 'एक्सझेड' हे फाइल कॉम्प्रेस करणारं टूल जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, तोही फावल्या वेळात, सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला की जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. 'जिया टॅन' नावाचं कोणीतरी मदतीला हजर होतंच. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. अर्धा सेकंद!

यातून 'नव्या माणसावर विश्वास ठेवू नका' असा धडा घेणं चूक आहे. दमलेला माणूस एकटा होता, हे खरं दुखणं. चार जण आधीपासून असते तर पाचव्याचं काम कोणीतरी तपासलं असतं.

पायथॉनचं बघा. जुलै २०१८ मध्ये गिडो व्हॅन रॉसम प्रमुखपदावरून बाजूला झाले, तरी प्रकल्प कोसळला नाही. प्रस्ताव लिहून मांडायची पद्धत आधीपासून होती. मुख्य डेव्हलपर्सनी मतदान करून कारभाराची रीत ठरवली आणि २०१९ मध्ये पाच जणांचं मंडळ निवडलं. त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत, हेही लिहून ठेवलंय.

माझ्या मते प्रकल्प चालवणाऱ्याने चारच गोष्टी पाळाव्यात. पहिल्या पॅचला आठवडाभरात उत्तर; नकार असला तरी कारणासकट. सोपी कामं नवख्यांसाठी राखून ठेवणं, भले आपल्याला ती दहा मिनिटांत उरकता येत असोत. निर्णय लेखी आणि सर्वांसमोर. आणि कमिटचा हक्क कशाने मिळतो, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायला लोक आजही तयार आहेत. त्यांना निदान चुलीपर्यंत येऊ तर द्या!